परवाना आहे, पण बंदूक रिकामी करता येते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरफोडीच्या दोन-चार बातम्या लागोपाठ छापून आल्या की नेमबाजी शिकवणाऱ्या आणि बंदुका दुरुस्त करणाऱ्या आमच्यासारख्यांकडे हमखास विचारणा होते : स्वसंरक्षणाचा परवाना काढावा का, पिस्तूल बरे की रिव्हॉल्व्हर, खर्च किती येईल? मृग जवळ आला की गोव्यातल्या सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण इथून वेगळी विचारणा सुरू होते. रानडुकरे कुळागरात उतरली आहेत आणि शेतराखणीच्या बंदुकीत काडतूस फुटत नाही, जरा बघता का? या दोन्ही मंडळींना सहसा कोणी न विचारलेला प्रश्न एकच असतो. तुमच्या हातातली बंदूक आत्ता भरलेली आहे की रिकामी, आणि हे तुम्ही कशावरून सांगता? हे पत्र त्याबद्दल आहे. शेवटी प्रशासनाकडे एक मागणीही आहे.

कायद्यात या प्रश्नाची सोय आहे. मूळ शस्त्र अधिनियम १९५९ चा. २०१६ च्या शस्त्र नियमांनी अर्जदाराला सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आवश्यक केले. हाताळणी, साठवण, वाहतूक, झाडण्याची पद्धत हे सगळे त्यात येते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे दोनच बंदुका राहतील असे ठरवले (नेमबाज खेळाडूंना सवलत आहे) आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. म्हणजे पूर्वी दर तीन वर्षांनी तरी कोणी विचारपूस करत असे, ती आता पाच वर्षांनी. आणि विचारपूस तरी कसली? नंबर जुळला, कागद पुरे पडले, शिक्का बसला. ज्यांचे परवाने २०१६ च्या आधीपासूनचे, वडिलोपार्जित बंदुकीवरचे, त्यांच्यातल्या बहुतेकांनी प्रशिक्षण नावाची गोष्ट पाहिलेली नाही, असा आमचा अनुभव आहे. बंदूक उघडून दाखवा असे नूतनीकरणाच्या वेळी त्यांना कोणी म्हणत नाही.

उघडण्यातच सगळे आहे. .३२ बोअरचे पिस्तूल घ्या. आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढायचे आणि मगच स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढायची, हा क्रम आहे. घाबरलेला किंवा घाईतला माणूस उलटे करतो. स्लाइड आधी ओढली की चेंबरमधले, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला बसलेले काडतूस बाहेर उडते, त्याला वाटते रिकामे झाले. पण स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधले वरचे काडतूस आत ढकलून बसवते. त्यानंतर तो मॅगझिन काढून ठेवतो आणि ‘रिकामे’ पिस्तूल कोणाच्या तरी हातात देतो. आत एक गोळी आहे. ‘साफ करताना चुकून उडाली’ अशी जी वाक्ये आपण वाचतो, त्यांतल्या कितीतरींच्या मागे एवढाच उलटा क्रम असतो. मॅगझिन काढून, स्लाइड मागे अडकवून, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचे. उजेड नसेल तर करंगळीचे टोक आत घालून चाचपायचे. मग पुन्हा एकदा. दुसऱ्यांदा बघणे हा भित्रेपणा नाही.

.३१५ ची रायफल असेल तर बोल्ट (मागचा सरकता खटका) मागे घेऊन एक काडतूस काढल्याने काम संपत नाही. मॅगझिन भरलेले असताना बोल्ट पुढे नेलात की पुढचे आत गेलेच. रिव्हॉल्व्हर त्या मानाने सोपे : कानपूरच्या कारखान्यातले .३२ मधोमध मोडून उघडते, सहाही खण एकदम दिसतात. तिथे चूक वेगळी होते. चार झाडलेल्या पुंगळ्या (रिकामी कवचे) आणि दोन जिवंत काडतुसे एकत्र असताना बाहेर पडली किती हे न मोजताच माणूस ते बंद करतो. सहा मोजावीत. जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा (काडतुसावर आदळणारी हातोडी) ज्या खणावर टेकतो तो खण रिकामाच ठेवावा, कारण हातातून पडून घोड्याला मार बसला तर गोळी सुटू शकते.

आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या हातात मात्र बहुधा १२ बोअर असते, एकनळी किंवा दुनळी; परवान्यावर ‘एसबीबीएल’, ‘डीबीबीएल’ (मागून भरायची एकनळी, दुनळी) असे लिहिलेले. ती मोडून उघडली की नळीतून आभाळ दिसले पाहिजे. बाहेर घोडे असलेल्या जुन्या दुनळीत एक धोका आहे : चढवलेला घोडा अंगठ्याने हळूच खाली सोडताना घामाने अंगठा निसटतो. म्हणून आधी बंदूक मोडायची, काडतुसे काढायची आणि मगच घोडे उतरवायचे. सेफ्टीवर विसंबू नये. पुष्कळ बंदुकांत ती फक्त चाप अडवते. आतला घोडा ज्या खाचेत अडकून बसतो ती खाच झिजलेली असेल तर आपटल्यावर सेफ्टी लावलेली बंदूकही उडते.

बाकी शिस्त जगभर सारखीच आहे. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजावी, नळीचे तोंड माणसाकडे फिरवू नये, नेम धरून झाडायचे ठरल्याशिवाय बोट चापावर न ठेवता बाजूला सरळ ठेवावे आणि लक्ष्याच्या पलीकडे काय आहे ते माहीत असावे. हे सगळ्यांना पाठ असते. हातात बंदूक आल्यावर बोट कुठे जाते ते बघा, किती पाठ आहे ते लगेच कळते. चिऱ्यांच्या गडग्यावरून किंवा शेवाळलेल्या जांभ्यावरून जाताना बंदूक मोडून, काडतुसे काढून न्यावी. दुसऱ्याच्या हातात द्यायची ती उघडूनच. मचाणावर घेताना ती रिकामी करून दोरीने चढवावी, नळीचे तोंड खाली आणि माणूस बाजूला.

आता नळीबद्दल. गोव्याच्या हवेत बंदूक भिंतीवर चार महिने टांगली की दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे गंज, तो सर्वांना दिसतो. दुसरी कोणाच्या लक्षात येत नाही : कुंभारीण माशी. कुलुपाच्या भोकात, नळाच्या तोंडात मातीचे घर करणारी ही माशी बंदुकीची नळी मुळीच सोडत नाही. बोटभर खोल, आत सुकलेली मातीची गाठ बाहेरून दिसत नाही. तिच्यावर छर्रे आदळले की दाब मागे साचतो आणि नळी तोंडाशी फुगते किंवा चिरते. चिखलात टेकवलेल्या नळीचे किंवा साफ करताना आत राहिलेल्या चिंधीचेही तेच. प्रत्येक वेळी भरण्याआधी, नंतर नव्हे, मागच्या बाजूने नळीतून उजेड बघावा. एवढ्या एका सवयीने निम्मे फुटलेले हात वाचतील.

काडतुसांचा गोंधळ याहून घातक. २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या नळीत टाकले तर ते चेंबर ओलांडून पुढे सरकते आणि नळीच्या सुरुवातीलाच अडकते. मागून बघितले तर चेंबर रिकामे. मग माणूस १२ बोअरचे भरतो, तेही नीट बसते आणि चाप ओढला की डाव्या हाताखालची नळी फुटते. एका पिशवीत दोन बोअरची काडतुसे कधीही ठेवू नयेत, शेजाऱ्याकडून सुटी उसनी घेऊ नयेत (ते बेकायदाही आहे). दुसरा घोटाळा लांबीचा. कित्येक जुन्या इंग्लिश बंदुकांचे चेंबर अडीच इंचांचे, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असते. ७० मिलिमीटरचे काडतूस त्यात सहज मावते, कारण ७० हा आकडा तोंडाची घडी उलगडल्यानंतरचा असतो. उडताना घडी उलगडायला पुढे जागा मिळत नाही आणि दाब नको तितका चढतो. बंदूक मोडून नळीच्या मागे बघा, चेंबरचा आकडा बहुधा कोरलेला असतो. नसेल किंवा वाचता येत नसेल तर जाणत्याकडून मापून घ्या. आणि नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसत असेल तर ती लोखंडी पट्ट्या पिळून केलेली जुनी नळी समजा. ती काळ्या दारूच्या जमान्यातली, आजच्या काडतुसांसाठी नाही. भिंतीवर शोभते, तिथेच राहू द्या.

पावसाळ्यात ‘काडतूस फुटत नाही’ ही तक्रार येते त्याचे कारण दर वेळी पाऊस नसतो, पुष्कळदा तेल असते. बंदुकीला प्रेमाने भरपूर तेल पाजले की ते चेंबरमध्ये उतरते आणि काडतुसाच्या टोपीतून (बुडाशी मार बसताच पेटणारा भाग) आत झिरपते; टोपीतला मसाला मरतो. त्यात आपल्याकडे खोबरेल वापरायची सवय. खोबरेल महिन्याभरात चिकट होते, धूळ धरते, घोड्याच्या स्प्रिंगची चाल जड करते आणि मग टोपीवर मार हलका बसतो. रॉकेलने घाण निघते, पण मागे संरक्षणाचा थर राहत नाही. खनिज तेल घ्यावे, बंदुकीचे मिळाले तर उत्तम, नाहीतर शिलाई मशीनचे. नळीत सुती कापडाने पातळ हात फिरवावा आणि झाडायच्या आधी नळी व चेंबर कोरडे पुसावे. हाताचा घाम खारट असतो, बोटांच्या ठशांवरच गंज सगळ्यात आधी उठतो. म्हणून हाताळून झाल्यावर बाहेरूनही पुसायची. चामड्याच्या म्यानात बंदूक पावसाळाभर ठेवणे म्हणजे तिला ओल्या फडक्यात गुंडाळणे. काडतुसे घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. कागदी पुंगळीची जुनी काडतुसे फुगली असतील तर ती घुसवायची नाहीत.

चाप ओढला आणि आवाजच आला नाही, तर बंदूक तशीच सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबावे. मसाला सर्दावलेला असला तर तो उशिरा पेटू शकतो, आणि लगेच उघडलेली बंदूक तोंडावर उडते. याच्या उलट, आवाज झाला पण फुसका, धक्का नेहमीपेक्षा कमी जाणवला, तर तिथेच थांबायचे. रिकामी करून नळीतून बघायचे. डाट (छर्ऱ्यांमागचा बोळा) किंवा गोळी मध्येच अडकलेली असू शकते. दुसरे काडतूस झाडून ती ‘काढायचा’ प्रयत्न करणाऱ्यांची बोटे गेलेली आहेत.

ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू व छर्रे ठासून भरायच्या बंदुका अजून आहेत, परवान्यावर ‘एसबीएमएल’ म्हणून. त्या उघडून बघता येत नाहीत, म्हणून ठासायच्या गजावर दोन खुणा करून ठेवाव्यात : नळी रिकामी असताना गज जिथवर जातो ती एक, नेहमीचा बार भरल्यावर जिथवर जातो ती दुसरी. गज आत सोडला की एका नजरेत कळते, आणि बार दुहेरी भरला गेला असेल तर तेही कळते, कारण खूण वर राहते. टोपी अगदी शेवटी, जागेवर उभे राहिल्यावर चढवायची. भरलेल्या बंदुकीची टोपी काढली म्हणजे ती रिकामी झाली असे मानून माडीवर ठेवू नये; आत बार आहे तो आहेच, आणि पुढच्या वर्षी मुलगा टोपी लावून बघणार. झाडल्यानंतर काळ्या दारूची राख हवेतले पाणी ओढते, एका रात्रीत नळी खाते. गरम साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मगच तेल. आणि काडतुसातली आजची धूरविरहित दारू काढून ठासणीत भरणे हा आत्मघात आहे. हे लिहावे लागते, कारण लोक करतात.

रात्रीच्या राखणीबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण साथीदाराला डुक्कर समजून गोळी घातल्याच्या बातम्या आपल्याच राज्यातून अधूनमधून येतात. बॅटरीच्या झोतात चमकतात ते फक्त डोळे. तसे डोळे कुत्र्याचेही चमकतात, गाईचेही, गव्याचेही. झुडूप हलणे ही तर ओळखच नव्हे. मान, खांदा, पाय असे पूर्ण जनावर दिसल्याशिवाय बोट चापावर जाता कामा नये. दोघे बसणार असतील तर संपेपर्यंत कोणी जागा सोडायची नाही, आणि सोडावीच लागली तर आधी हाक, मग उजेड, दोन्ही बंदुका उघडलेल्या, तेव्हाच हलायचे. दारू पिऊन बसणाऱ्यांना काही सांगण्यात अर्थ नाही, त्यांच्याबरोबर जाऊ नये एवढेच. मार्च ते मे पहाट फुटायच्या आधीपासून बायामाणसे काजूच्या बागांत बोंडे गोळा करत असतात, हे बंदूकवाल्याने ध्यानात ठेवायला हवे. सहा नंबरचा बारीक छर्रा साधारण २०० मीटरपर्यंत जातो, पण एलजीसारखा जाड छर्रा ७०० मीटरच्या आसपास. .२२ ची छोटीशी गोळी दीड-दोन किलोमीटर जाऊ शकते. उतारावरच्या बागेत खालच्या बाजूला नेम धरला तर गोळी जमिनीत मुरते. माथ्यावर उभ्या जनावरावर धरला तर पलीकडचा वाडा तिच्या वाटेत असतो. शेतराखणीचा परवाना हा शिकारीचा परवाना नाही, हेही एकदा स्पष्ट व्हावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ वेगळा आहे, आणि गवा, जो आपल्या राज्याचा राज्यप्राणी, अनुसूची १ मध्ये येतो.

आता शहरातल्या प्रश्नाकडे. पणजी-पर्वरीच्या फ्लॅटमध्ये किंवा म्हापशाच्या एकट्या बंगल्यात राहणाऱ्याला बंदुकीने संरक्षण मिळेल का? आमचे मत असे की ज्याला दर महिन्याला सराव करायचा नाही त्याने मोठा कुत्रा पाळावा, दाराला आडवी लोखंडी पट्टी घालावी, बाहेर दिवा लावावा आणि ११२ फोनवर ठेवावा. बंदूक यानंतर. कारण झोपेतून उठलेल्या माणसाचे हात थरथरतात, बारीक हालचाली जमत नाहीत, नजर एका ठिकाणी खिळते. जे हजार वेळा केले आहे तेवढेच त्या वेळी होते. शिवाय, स्वयंपाकघरात पाणी प्यायला उठलेला आपला मुलगाच तिथे असण्याची शक्यता चोरापेक्षा नेहमीच जास्त. म्हणून हातात बंदूक नंतर, आधी घरातली माणसे मोजायची आणि आवाज द्यायचा. आवाजाने चोर पळाला तर काम झाले.

दुनळीला नेम लागत नाही, छर्रे पसरतात, असे ऐकीव ज्ञान फार आहे. खोलीच्या अंतरावर, पाच मीटरवर, छर्ऱ्यांचा घोस फार तर वीतभर होतो. नेम चुकला तर सगळाच चुकतो. पिस्तुलाची गोळी प्लायवूडची पार्टिशन, दार, सिमेंटचा पत्रा, मंगलोरी कौल यांतले काहीही अडवणार नाही. चिऱ्याची भिंत अडवेल, पण खिडकी चिऱ्याची नसते. बंद खोलीत १२ बोअरचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो, त्यानंतर कोण काय ओरडतो ते ऐकू येत नाही.

कायदाही नीट समजून घ्यावा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि खासगी बचावाचा हक्क तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला अशा कायद्यात दिलेल्या प्रसंगांतच प्राण घेण्यापर्यंत तो हक्क पोचतो. मालमत्तेच्या बाबतीत जबरी चोरी, सूर्यास्तानंतरची घरफोडी, आग लावणे अशा ठरावीक प्रसंगांत. गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा कुठेच नाही. कुंपणावरून नारळ घेऊन पळणाऱ्याच्या पाठीवर झाडलेली गोळी यांतल्या कशातच बसत नाही, तो साधा गुन्हा होतो. ‘घाबरवायला हवेत झाडली’ हेही चालत नाही. वर गेलेली गोळी खाली येतेच. लग्न-वरातीत किंवा उत्सवात बेदरकारपणे झाडली तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

सरावाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. हात बसवायला बंदूक लागत नाही. ४.५ मिलिमीटर (.१७७) बोअरच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफल-पिस्तुलाला परवाना नको, आणि १० मीटरवर जे शिकता येते ते सगळीकडे उपयोगी पडते. आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्याकडे बघा. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई खेळांत सुवर्ण घेतले, स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्य आणले. एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पिस्तुलाचा ११.५ मिलिमीटरचा. इतक्या लहान खुणेवर साठ गोळ्या झाडणाऱ्याला चाप कसा दाबायचा हे कळते : बोटाच्या पहिल्या पेराच्या मऊ भागाने, सरळ मागे, हळूहळू दाब वाढवत, नेमका केव्हा सुटेल हे मनाला न सांगता. डोळा पुढच्या माशीवर (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर) स्पष्ट हवा. लक्ष्य पुसट दिसले तरी चालते. नवशिक्याचे बहुतेक शॉट खाली जातात ते धक्क्याच्या भीतीने आधीच मनगट दाबल्यामुळे. मोठ्या बंदुकीवर ती भीती ओळखायची साधी युक्ती म्हणजे दुसऱ्याने काडतुसे भरून द्यावीत आणि मधेच एक डमी (न फुटणारे नकली काडतूस) घालावे. डमीवर चाप ओढला आणि नळीने खाली डुबकी मारली, की दोष कोणाचा ते झाडणाऱ्याला स्वतःलाच दिसते.

घरामागे १० मीटरची जागा करायची तर मागे जाड प्लायवूड, त्यापुढे जुन्या रबरी चटयांचे दोन-तीन थर किंवा वाळूची पोती, आणि बाजूने कोणी अचानक येऊ शकेल अशी वाट नको. बाटल्या, दगड, चिऱ्याची भिंत यांवर झाडू नये, शिशाचा पेलेट उलटा येतो आणि लोखंडी छर्रा तर डोळ्यांकडेच. चष्मा घालायचाच. मोडून ताणायच्या स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये पेलेट घालताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवावी. खाच सुटली तर नळी झपकन मिटते आणि बोट चेचते. पेलेट न घालता ती झाडू नये, पिस्टन रिकामा आपटून सील फाटतो. शिसे हाताला लागते, म्हणून खाण्यापूर्वी साबणाने हात. आणि तीच एअर गन घेऊन पोरांना पक्षी मारायला सोडले तर वन्यजीव कायदा तिथेही येतो.

साठवणीचे थोडक्यात. बंदूक भिंतीत बोल्टने घट्ट केलेल्या लोखंडी कपाटात, काडतुसे वेगळ्या कुलपात, किल्ल्या वेगवेगळ्या. देव्हाऱ्यामागची, तांदळाच्या डब्यातली जागा घरातल्या लहान मुलांना आधीच माहीत असते. दसऱ्याला पूजेला मांडताना नळी उघडून मांडावी. घरात कोणी खचलेले असेल, दारूच्या आहारी गेलेले असेल, भांडणे विकोपाला जात असतील, तर बंदूक काही काळ घराबाहेर हवी. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते. परवानाधारक वारल्यावरही तेच करायचे असते. वडिलांची बंदूक माडीवर तशीच पडून राहिली तर ती वारसाच्या नावावर बेकायदा शस्त्र ठरते, नंतर कितीही समजावले तरी.

आता मागणी. सर्व जिल्ह्यांच्या दंडाधिकाऱ्यांनी, पोलीस आणि राज्यातल्या नेमबाजी प्रशिक्षकांना बरोबर घेऊन, दरवर्षी पावसाळ्याआधी तालुकावार अर्ध्या दिवसाचे शिबिर ठेवावे. पोलिसांच्या सरावाच्या जागा रविवारी सकाळी मिळाल्या तर वेगळा खर्च फारसा नाही. परवानाधारकाने आपली बंदूक घेऊन यायचे, न सांगता ती रिकामी करून दाखवायची, नळी व चेंबर तपासून घ्यायचे, पाच काडतुसे झाडायची. दुनळी-एकनळीवाल्यांना ३५ मीटरवर मोठ्या कागदावर एक शॉट घ्यायला लावावा आणि ७५ सेंटिमीटरच्या वर्तुळात छर्रे किती व कुठे बसले ते मोजावे. स्वतःची बंदूक कुठे मारते हे त्याला बहुधा तेव्हाच कळेल. कागद म्हणून आपल्या दैनिकाची दोन दुपानी चिकटवली तरी भागते. नूतनीकरणाच्या फाइलमध्ये या शिबिराचा दाखला लागावा. ज्याला तीन वेळा दाखवूनही बंदूक सुरक्षित उघडता येत नाही, त्याचा परवाना तोवर थांबवावा, मग तो कोणाचाही असो.

त्याबरोबरच निवडणुकीच्या काळात जमा होणाऱ्या बंदुकांचा प्रश्नही सोडवावा. आचारसंहिता लागली की छाननी समितीच्या निर्णयाप्रमाणे शस्त्रे ठाण्यात येतात, तीन-तीन महिने एकावर एक रचलेली राहतात आणि काही ठिकाणी गंजून, दस्त्याला चिरा पडून परत मिळतात. जमा करण्याआधी मालकाने ती रिकामी करून, पुसून, तेलाचा पातळ हात देऊन, गळ्यात नंबर व यूआयएन (परवान्याचा विशिष्ट ओळख क्रमांक) लिहिलेली पट्टी बांधून न्यावी. ठाण्याने पावतीवर नंबराबरोबर नळी आणि दस्त्याची स्थिती लिहावी. उभे ठेवायला लाकडी मांडणी आणि कोरडी खोली एवढे मिळाले तरी पुरे. परत घेताना, घरी जाण्याआधी तिथल्या तिथेच, बंदूक उघडून नळीतून उजेड बघावा आणि पावतीवर सही त्यानंतर करावी.

आपले,
नेमबाजी प्रशिक्षण व बंदूक दुरुस्तीच्या कामातले काही वाचक,
फोंडा